रॅचेट पाना घेताना: दात मोजण्याआधी काय काय बघायचं

रॅचेट पाना बिघडतो तो जवळजवळ नेहमी एकाच ठिकाणी. डोक्याच्या आत एक दातेरी कडी असते, तिला एका दिशेने अडवणारा छोटा खटका असतो आणि खटक्यामागे स्प्रिंग. दांडा क्वचित वाकतो, उघडं तोंड फाकायला बरीच वर्षं लागतात. ही आतली तिकडी मात्र चुकीच्या कामाला लावली तर एका झटक्यात जाते. म्हणून टिकाऊ पाना निवडणं म्हणजे ही तिकडी किती चांगली आहे ते ओळखणं, आणि तिच्यावर आपल्या कामात किती जोर येणार ते आधीच ठरवणं. पेटीवरचा दातांचा आकडा आणि क्रोमची चकाकी यांचा क्रमांक त्यानंतर येतो.

हा लेख कॉम्बिनेशन रॅचेट पान्यांबद्दल आहे: एका टोकाला उघडं तोंड, दुसऱ्या टोकाला रॅचेटचं रिंग डोकं. गोट्या (सॉकेट) लावायचं चौकोनी टोकाचं रॅचेट हे वेगळं हत्यार. पण आतली यंत्रणा त्याच जातीची असल्यामुळे बऱ्याच गोष्टी तिथेही लागू पडतात.

पायरी १: आधी नट-बोल्ट बघा, मग पाने

संच घ्यायला निघण्याआधी ज्या यंत्रांवर काम करणार त्यांच्यावर कोणती मापं आहेत ते लिहून काढा. हे काम कंटाळवाणं आहे आणि बहुतेक जण ते टाळतात. मग संचातले निम्मे पाने नवेच्या नवे राहतात आणि नेमका हवा तो नसतो.

एकाच बोल्टला सगळीकडे एकच पाना लागत नाही. एम ८, म्हणजे ८ मिमी जाडीच्या आट्यांच्या, बोल्टला बहुतेक ठिकाणी १३ मिमीचा पाना लागतो, पण जपानी धाटणीच्या यंत्रांवर त्याच बोल्टचं डोकं १२चं असतं. एम १० तर तीन मापांत भेटतो: जुन्या जर्मन मानकाप्रमाणे १७, नव्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे १६ आणि जपानी पद्धतीत १४. एम १२चंही तसंच, १९, १८ आणि १७. एम ६ला सहसा १०चा चालतो, फ्लॅंज (डोक्याखाली रुंद चकती) असलेल्या बोल्टांवर ८चाही. त्यामुळे जपानी गाड्या किंवा दुचाक्या करणाऱ्याचे रोजचे पाने म्हणजे ८, १०, १२, १४, १७. युरोपीय गाड्यांवर १०, १३, १६, १८ जास्त फिरतात. जुनी शेती-अवजारं आणि कारखान्यातली यंत्रं करणाऱ्याला १३, १७, १९, २४ सुटत नाहीत.

मधली मापं गाळलेले संच स्वस्त दिसतात. ८ ते १९ सलग बारा पाने आहेत, की ‘१९पर्यंत’ लिहून १५, १६, १८ गायब आहेत, हे मोजून बघा. गाळलेली मापं तुमच्या यादीत नसतील तर मात्र असा संच बिनधास्त घ्यावा.

इंचातली यंत्रं हाताशी असतील तर मिमीचे पाने ओढूनताणून वापरू नका. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिमी, त्यामुळे १९ आणि पाऊण इंच एकमेकांच्या जागी चालून जातात. ५/१६ इंच आणि ८ मिमी हेही जवळचे. पण अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी. त्यावर १३चा पाना बसतो, फिरतोसुद्धा, आणि जोर लागला की कोपरे खातो.

आणखी एक. रॅचेट पाने साध्या पान्यांची जागा घेत नाहीत. आरपार बोल्टला एका बाजूने नट धरून ठेवावा लागतो, आणि ते काम साध्या रिंग पान्याचं. साधा संच नसेल तर पहिला तोच घ्या.

पायरी २: उलटायचा की कळीचा

खरेदीतला सगळ्यात मोठा निर्णय हा. दिशा बदलायचे दोन मार्ग असतात. एका प्रकारात पाना उचलून पालथा घालायचा: एका बाजूने आवळतो, दुसऱ्या बाजूने सोडतो. दुसऱ्या प्रकारात डोक्याजवळ छोटी कळ असते, ती सरकवली की दिशा बदलते.

उलटायच्या पान्याचं डोकं सपाट आणि तुलनेने पातळ असतं. आत भाग कमी, त्यामुळे बिघडायलाही कमी. अरुंद फटीत तो शिरतो. तोटा हा, की दांडा बोल्टाच्या डोक्याच्या पातळीतच राहतो आणि आजूबाजूच्या पृष्ठभागावर बोटं खरचटतात. कळीच्या पान्याचं डोकं बहुधा १५ अंशांत वर उचललेलं असतं, त्यामुळे हाताला जागा मिळते. पण डोकं जाड होतं, कळ कुठेतरी अडकते आणि तेलकट हाताने काम करताना नकळत सरकते.

एवढंच असतं तर मी सरळ उलटायचा घ्या म्हणून मोकळा झालो असतो. पण एक सापळा आहे. लांब बोल्ट काढताय आणि त्याच्या डोक्यासमोर थोड्या अंतरावर भिंत आहे, चासीचा पत्रा आहे किंवा रेडिएटर आहे. पाना लावला, खटखट फिरवत बोल्ट बाहेर येऊ लागला. बोल्टाचं डोकं वर सरकतं, पाना त्याच्यासोबत सरकतो, आणि एका क्षणी पाना डोकं आणि भिंत यांच्यामध्ये चिमटतो. आता तो काढता येत नाही. काढता येत नाही म्हणून पालथा घालता येत नाही, आणि पालथा घातल्याशिवाय बोल्ट परत आत जात नाही. कळीचा पाना असता तर कळ सरकवून बोल्ट चार फेरे आत घेतला असता आणि सुटका झाली असती.

असं झालंच तर आधी पाना आवळायच्या दिशेने अगदी हळू फिरवून बघा. बोल्ट आट्यांत पुरेसा सैल असेल तर रॅचेटच्या परतीच्या घर्षणानेच तो थोडा मागे जातो. नाही गेला तर डोक्याची कड पक्कडीने धरून फिरवा. तेही जमलं नाही, तर समोरचा भाग सोडवण्यावाचून इलाज नाही. पण मुळात हे टळतं: पाना लावण्याआधी बोल्टाची लांबी आणि समोरची मोकळी जागा नजरेने ताडा. जागा कमी असेल तर बोल्ट मोकळा होताच रॅचेट काढून घ्या आणि उरलेले फेरे उघड्या तोंडाने किंवा बोटांनी द्या.

माझा कौल असा: खुल्या जागेतलं काम, शेतीची अवजारं, बांधकामाची यंत्रं, फिटिंग यांसाठी उलटायचा. गाडीच्या इंजिनाभोवतीच्या दाटीत ८ ते १४ या मापांत कळीचा. सगळा संच एकाच प्रकारचा असला पाहिजे असा काही नियम नाही.

कळीचा घेणार असाल तर कळ दोन्ही टोकांना ठामपणे बसते का ते बघा. मधल्या जागी ती ठेवता येत असेल आणि तिथे रॅचेट अर्धवट धरत असेल, तर तो पाना परत ठेवा. अर्धवट अडकलेला खटका जोराखाली सटकतो, आणि दातांची टोकंही नेमकी तेव्हाच उडतात.

मान वळणारे पाने हा तिसरा प्रकार. अडचणीच्या कोनात ते फार उपयोगी, पण मानेची पिन हा आणखी एक कच्चा दुवा झाला. मान वाकवून जोर लावला की डोकं बोल्टावर तिरकं व्हायला बघतं. असा पाना घेतलाच तर मान आपल्या वजनाने खाली पडता कामा नये. दिलेल्या कोनात ती थांबायला हवी, आणि पिनेचा स्क्रू सैल झाल्यावर पुन्हा आवळता यायला हवा. रोजच्या संचाऐवजी जास्तीचे दोन-तीन एवढंच त्यांचं स्थान.

पायरी ३: दातांचा आकडा वाचायचा कसा

हिशेब सोपा आहे. ३६० अंशांना दातांच्या संख्येने भागलं की पुढचा दात पकडायला पाना किती फिरवावा लागतो ते कळतं. ३६ दात, १० अंश. ७२ दात, ५ अंश. ९० दात, ४ अंश. १२० असेल तर ३ अंश. साध्या बारा कोनी रिंग पान्याला दर वेळी ३० अंश फिरवून काढून पुन्हा बसवावं लागतं, सहा कोनीला ६०.

अंशांपेक्षा हाताला लागणारी जागा जास्त बोलकी. १८ सेंटिमीटर लांबीच्या पान्याचं टोक ५ अंशांत सुमारे १६ मिमी सरकतं, ३ अंशांत सुमारे ९ मिमी, तर ३० अंशांत ९ सेंटिमीटरहून जास्त. म्हणजे साध्या पान्यावरून ७२ दातांवर येताना फायदा प्रचंड आहे, पण ७२वरून १२०वर जाताना तो सहा-सात मिलिमीटरचा. प्रत्यक्षात कडीचा आणि बोल्टाचा ढिलेपणाही त्यात मिळवावा लागतो, त्यामुळे कागदावरचा कोन हाताला कधीच पूर्ण मिळत नाही. ढिला बसणारा १२० दातांचा पाना घट्ट बसणाऱ्या ७२च्या पुढे काही खास मिळवून देत नाही.

उलट बाजूने, दात वाढले की ते बारीक होतात. १७ मिमीच्या पान्यातली कडी साधारण २८ मिमी व्यासाची धरा. तिचा घेर सुमारे ८८ मिमी. त्यात ७२ दात बसवले तर एका दाताच्या वाट्याला १.२ मिमी येतात, १२० बसवले तर पाऊण मिमीही नाही. आता जोर बघा. ८.८ या मजबुतीच्या प्रतीचा एम १० बोल्ट आवळायला साधारण ४९ न्यूटन-मीटर (फिरवण्याच्या जोराचं माप) लागतात. कडीची त्रिज्या १४ मिमी, म्हणजे दातांवर येणारं बळ ३,५०० न्यूटन: जवळपास साडेतीनशे किलोचं वजन त्या बारीक दातांवर टेकलेलं. हा झाला सरळ आवळण्याचा जोर. गंजलेला बोल्ट सोडताना तो कितीतरी जास्त लागतो.

मग जास्त दातांचा पाना कच्चाच का? नाही. खटका एकाच वेळी किती दात धरतो यावर सगळं अवलंबून आहे. रुंद खटका पाच-सहा दात एकदम धरत असेल तर बळ वाटलं जातं. काही ठिकाणी १२० हा खऱ्या दातांचा आकडाही नसतो. कडीला ६० मोठे दात असतात आणि एकावर एक बसवलेले दोन खटके आळीपाळीने पकडतात, त्यामुळे थांबे १२० मिळतात आणि दात जाडच राहतात. म्हणून ‘दात किती’ विचारून झालं की ‘खटके किती आणि ते किती दात धरतात’ हेही विचारा, किंवा माहितीपत्रकातल्या चित्रात बघा.

सर्वसाधारण यांत्रिक कामाला ७२ दात पुरतात. ९० मिळाले तर उत्तम. त्यापुढचे खरोखर दाटीत काम करणाऱ्यांनी घ्यावेत.

पायरी ४: परतीची ओढ

पेटीवर न छापली जाणारी ही गोष्ट रोजच्या कामात सगळ्यात जास्त जाणवते. पाना मागे फिरवताना खटका दातांवरून घसरतो, तेव्हा थोडा विरोध होतो. तो जास्त असेल तर सैल नट पान्याबरोबरच मागे फिरतो आणि तुम्ही जागच्या जागी खटखट करत बसता. शेवटी नट बोटाने धरून ठेवावा लागतो. मग रॅचेटचा उपयोग काय राहिला?

ओढ तपासायला दुसऱ्या हाताच्या बोटाने कडी आतून धरा आणि पाना मागे फिरवा. बोटाच्या हलक्या पकडीतही कडी स्थिर राहिली पाहिजे. शिवाय पूर्ण फेऱ्यात ही ओढ एकसारखी हवी. एखाद्या ठिकाणी अडखळत असेल तर कडी गोल नाही किंवा आत कचरा आहे. नवीन पाना जरा कडक असतो, वापराने सुधारतो. पण अडखळणं सुधारत नाही.

पायरी ५: सहा कोन, बारा कोन की खाचांचं कडं

कडं म्हणजे बोल्टाच्या डोक्यावर बसणारी आतली बाजू. रॅचेट पान्यांत बारा कोनी कडं सर्वाधिक आढळतं, कारण न दिसणाऱ्या बोल्टावर ते चटकन बसतं. इंजिनात काही बोल्टांची डोकीच बारा कोनी असतात, त्यांना दुसरा पर्यायही नसतो. सहा कोनी कडं बोल्टाच्या जास्त पृष्ठभागाला भिडतं, म्हणून गंजलेल्या किंवा कोपरे झिजलेल्या डोक्यावर त्याची पकड चांगली.

कोनांच्या संख्येपेक्षाही महत्त्वाचं आहे ते कड्याच्या आतल्या कोपऱ्यांचं घडण. चांगल्या पान्यात कोपरे किंचित गोलाई देऊन मागे घेतलेले असतात, जेणेकरून जोर नटाच्या टोकावर न पडता बाजूच्या सपाट भागावर पडावा. आतून निरखून बघा: कोपरा सुईसारखा टोकदार असेल तर जुनी किंवा स्वस्त घडण, गोलसर खोबण असेल तर जोर सपाटीवर जाणार. यामुळे नटही वाचतो आणि कड्यालाही तडा जात नाही, कारण टोकदार कोपऱ्यातूनच तडे सुरू होतात.

सहा कोनी, बारा कोनी, तारा असं सगळं उचलणारी खाचांची कडीही मिळतात. प्रवासात किंवा तात्पुरत्या दुरुस्तीत ती सोयीची आहेत. पण सगळ्यांना थोडं थोडं भिडणारं कडं कोणालाच पूर्ण भिडत नाही, त्यामुळे मुख्य संच मी त्याचा घेणार नाही.

पायरी ६: पोलाद आणि मुलामा

जवळजवळ प्रत्येक पान्यावर क्रोम व्हॅनेडियम कोरलेलं असतं. ते खोटं असतं असं नव्हे, पण त्यावरून टिकाऊपणाचा फारसा अंदाज येत नाही. पोलादाला पाणी कसं दिलं यावर खरा फरक पडतो. कमी कडक राहिलं तर कडीचे दात दबतात आणि तोंड फाकतं. फाजील कडक झालं तर तुकडा उडतो. हाताच्या पान्यांचा कडकपणा सहसा रॉकवेल सी मापावर चाळिशीच्या घरात ठेवतात, तो याच दोन टोकांमधला मध्य म्हणून. उत्पादक हा आकडा किंवा किती न्यूटन-मीटरला पाना तपासला ते जाहीर करत असेल, तर ती चांगली खूण. हातपान्यांच्या चाचणी-जोरासाठी आयएसओ १७११-१ हे मानक आहे. कॉम्बिनेशन पान्यांसाठी डीआयएन ३११३. नुसतं ‘प्रोफेशनल’ किंवा ‘इंडस्ट्रियल’ लिहिलेलं असेल तर ते कोणत्याही मानकाचं नाव नाही.

क्रोमचा मुलामा गंजापासून वाचवतो, ताकद देत नाही. मुलाम्याला फोड, सोललेली कड किंवा तोंडाच्या आत जाड थर दिसला तर नको. सोललेलं क्रोम ब्लेडसारखं बोट कापतं. चकचकीत की मंद, हा आवडीचा भाग, पण तेलकट हातात मंद पृष्ठभाग कमी निसटतो आणि दिव्याचा झगमगाटही डोळ्यावर येत नाही. दांड्यावरचा मापाचा आकडा खोल कोरलेला असावा. नुसता रंगवलेला आकडा वर्षभरात जातो.

रबराची मूठ असलेले पाने हाताला बरे वाटतात. ते विजेसाठी सुरक्षित नसतात, एवढं लक्षात ठेवा. १,००० व्होल्टपर्यंतच्या कामाची हत्यारं आयईसी ६०९०० मानकाप्रमाणे वेगळी बनतात आणि त्यांच्यावर तशी खूण असते.

पायरी ७: हातात घेऊन तपासणी

खिशात एक नवा एम ८ आणि एक एम १० बोल्ट ठेवा. पान्यांपेक्षा बोल्ट खरं बोलतात.

१. रिंग डोकं बोल्टावर बसवा आणि दांडा वरखाली हलवा. थोडा खेळ असतोच, पण डोलत असेल तर नको.

२. बोल्टाविना, दातेरी कडी दोन बोटांत धरून बाजूला आणि खालीवर हलवून बघा. डोक्याच्या आत ती लडबडत असेल तर खटका आणि दात पूर्ण रुंदीला भिडत नाहीत.

३. दोन्ही दिशांना पूर्ण फेरा फिरवा आणि ऐका. आवाज एकसारखा यावा. मध्येच टिक चुकली तर दात किंवा स्प्रिंग सदोष.

४. उघडं तोंड बोल्टाच्या डोक्यावर सरकवा. ते हाताने सहज जावं, पण तिरकं होऊ नये.

५. कडी जागेवर धरणारी गोल स्प्रिंग बघा. ती खाचेत सगळीकडे बसलेली हवी. काढता येण्याजोगी असेल तर पुढे साफसफाई आणि सुटे भाग बदलणं शक्य होतं. दाबून कायम बंद केलेलं डोकं बिघडलं की फेकावंच लागतं.

६. डोक्याचा बाहेरचा व्यास साध्या रिंग पान्याच्या शेजारी ठेवून बघा. रॅचेटचं डोकं मोठं असणारच, पण किती? बाजूला भिंत असलेल्या बोल्टावर तोच व्यास ठरवतो, की पाना बसणार की नाही.

हमीपत्र असेल तर त्यात एकच ओळ शोधायची: रॅचेटचा भाग हमीत येतो की फक्त दांडा. आजीवन हमीच्या मोठ्या अक्षरांखाली हे बारीक अक्षरांत असतं.

पायरी ८: पहिल्या कामाआधीची परीक्षा

नवा पाना थेट ऐन कामात वापरू नका. जाड बोल्ट व्हाइसमध्ये (टेबलावरच्या शिकंज्यात) असा पकडा की डोकं वर राहील. पाना लावा आणि हळूहळू, झटका न देता, हाताने बेताचा जोर द्या. मग चार-पाच दात पुढे सरकवून पुन्हा. असं करत पूर्ण फेरा, दोन्ही दिशांना. सदोष दात एखाद्याच जागी असतो, म्हणून फेरा पूर्ण करायचा. पाना स्वतःकडे ओढा, ढकलू नका. ढकलावंच लागलं तर उघड्या तळव्याने, म्हणजे सटकला तरी बोटांची हाडं व्हाइसवर आपटणार नाहीत. या परीक्षेत एकदा जरी सटकला तरी तो बदलून घ्या. कामावर तो नेमका जोराच्या क्षणी सटकेल.

पायरी ९: जोर कुठल्या टोकाने लावायचा

रॅचेट पान्याचं आयुष्य दुप्पट-तिप्पट करणारी सवय फार साधी आहे. बोल्ट पहिल्यांदा मोकळा करायचा तो साध्या रिंग पान्याने किंवा लांब दांड्यावर गोटी लावून. एकदा ‘कट्’ झालं, की रॅचेट लावून भराभर काढायचा. आवळतानाही रॅचेटने टेकेपर्यंत आणायचा आणि शेवटचा जोर साध्या पान्याने किंवा टॉर्क पान्याने (ठरवलेल्या मापाइतकाच जोर देणाऱ्या) द्यायचा. रॅचेट हे वेगाचं हत्यार आहे. दांड्याची लांबीसुद्धा उत्पादकाने त्याच हिशेबाने ठरवलेली असते: १८ सेंटिमीटरच्या दांड्यावर ३०० न्यूटन जोराने ओढलं तर सुमारे ५४ न्यूटन-मीटर मिळतात, आणि तेवढं त्या मापाच्या बोल्टाला पुरतं. दांड्यात पाइप घालून किंवा दुसऱ्या पान्याचं तोंड अडकवून लांबी दुप्पट केली की हा हिशेबच मोडतो. हातोडीने ठोकणं तर आणखी वाईट, कारण धक्का थेट दातांच्या टोकांवर जातो.

बोल्ट बसवताना पहिले दोन-तीन आटे बोटांनीच धरवा. रॅचेटमध्ये हाताला जाणीव कमी मिळते. तिरका धरलेला बोल्टही तो मुकाट्याने फिरवत राहतो, आणि कळेपर्यंत अॅल्युमिनियमच्या भोकातले आटे गेलेले असतात.

लांब स्टडवरचा (बिनडोक्याच्या, आटे असलेल्या दांडीवरचा) नट हे मात्र रॅचेट पान्याचं खास काम. डोकं आरपार पोकळ असल्यामुळे स्टड त्यातून वर येतो. गोटी अशा वेळी तळाला टेकून थांबते. उलटायचा पाना इथे नटावरून खाली घसरतो, तेव्हा डोक्यात आडवी कड असलेले पाने मिळाले तर चांगले. नाहीतर खालून बोटाचा आधार द्यायचा.

निगा, आणि कधी बाद करायचा

धूळ आणि धातूचा कीस हे खटक्याचे शत्रू. काम झालं की डोकं फडक्याने पुसा, कडी फिरवून बघा, कधीमधी पातळ तेलाचा एक थेंब टाका आणि दोन्ही दिशांना फिरवा. घट्ट ग्रीस भरू नका. थंडीत ते गोठतं, खटका दातांत वेळेवर पडत नाही आणि पाना जोराखाली घसरतो. पाना फारच मळला तर थोडा वेळ रॉकेलमध्ये फिरवून धुवा, पूर्ण वाळवा आणि लगेच तेल द्या. रॉकेलने आतलं तेलही निघून जातं, म्हणून शेवटची पायरी विसरायची नाही.

डोकं उघडावं लागलं तर ते पारदर्शक पिशवीत हात घालून उघडा. आतली स्प्रिंग आणि कधी कधी एक चिमुकली गोळी उडते, आणि जमिनीवर पडली की ती सापडत नाही. कुठला भाग कुठल्या बाजूने होता त्याचा आधी फोटो काढून ठेवा. खटक्याची धार गोल झाली असेल आणि सुटा भाग मिळत असेल तर बदला. कडीचे दात गेले असतील तर कडी आणि खटका दोन्ही एकदम, कारण झिजलेल्या दातांवर नवा खटका नीट बसत नाही.

जोराखाली एकदा सटकलेला पाना धुऊन पुन्हा व्हाइसवर तपासा. दुसऱ्यांदा सटकला तर त्याच्या रॅचेट टोकावर चिकटपट्टी गुंडाळा आणि उघडं तोंड धड असेल तर तेवढ्यासाठी ठेवा. डोक्याच्या कड्याला केसाएवढा जरी तडा दिसला, किंवा उघड्या तोंडात नवा बोल्ट तिरका बसू लागला, तर तो पाना पेटीत परत ठेवू नका, सरळ भंगारात टाका.